‘मासिक मनोरंजन’: दिवाळी अंकाची पहिली पणती

दिवाळी म्हटली की कंदील, फराळ आणि त्यासोबत दिवाळी अंक. या प्रथेची पहिली पणती लावली ती ‘मासिक मनोरंजन’ने.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली मुंबईत हे मासिक सुरू केले. ते मूळचे आजगावकर. बंगाली भाषेवर त्यांचा विलक्षण जीव, म्हणून त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव लावले. त्यांच्या मासिकातही बंगाली कथेचे वारे खेळत राहिले. वि. सी. गुर्जरांनी बंगालीच्या प्रभावातून फुलवलेल्या कौटुंबिक, हलक्याफुलक्या गोष्टी वाचक आवडीने वाचत. एका बैठकीत वाचून होणारी ‘संपूर्ण गोष्ट’ इथेच रुजली. मराठी कथेच्या इतिहासात या काळाला ‘मनोरंजन’चेच नाव मिळाले. आनंदीबाई शिर्के यांच्यासारख्या लेखिकांनाही या पानांनी हक्काची जागा दिली.

१९०९ साली मित्रांनी एक धाडस केले. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक निघतात, मग आपल्या सणाला आपला अंक का नसावा? या विचारातून ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला.

मित्र १९२० साली गेले आणि पुढे १९३५च्या सुमारास मासिकही थांबले. पण शंभर वर्षे उलटून गेली, तरी दर दिवाळीत शेकडो मराठी अंक निघतात. यंदा त्यांतला एखादा हाती घ्याल, तेव्हा काशिनाथ मित्रांची आठवण जरूर काढा.