अपिलात वाचली जाणारी साक्ष



बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात विशेष न्यायालयाने दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली, की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणते, न्यायालये पुराव्याची अपेक्षा फार ताणतात. दुसरी म्हणते, २०१२चा पोक्सो कायदा आल्यापासून पुरावा लागतोच कुठे? मला दोन्ही मान्य नाहीत. वाजवी शंकेपलीकडे गुन्हा शाबीत व्हावा, ही कसोटी आजही जागेवर आहे आणि ती तिथेच असावी. ढासळली आहे ती अपील न्यायालयापुढे येणारी साक्षीची नोंद.  

बालकाच्या साक्षीबाबत १९५२च्या एआयआर निवाडासंग्रहात छापलेला राजस्थानातील खटल्याचा निवाडा आपण सगळे उद्धृत करतो. तो मुळातून वाचायला हवा. पीडित मुलगी आठ वर्षांची. पहिल्या अपिलात सत्र न्यायाधीशांनी म्हटले की मनाची खात्री पटते, पण कायद्याने पुरावा अपुरा आहे, आणि आरोपीला सोडले. उच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. सर्वोच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी स्पष्ट केले की पूरक पुरावा मागणे हा कायद्याचा नियम नाही, ती सावधगिरी आहे. ती न्यायाधीशाच्या मनात होती हे निकालातून दिसले पाहिजे. मुलीने काही तासांत आईला सांगितले होते, तेही पूरक म्हणून चालले. म्हणजे एकट्या बालकाच्या साक्षीवर शिक्षा टिकते, मात्र ती साक्ष कागदावर जशीच्या तशी उतरलेली असली पाहिजे.

आता आपल्याकडचा एखादा सरतपास उघडा. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी ‘आरोपीने माझ्यावर लैंगिक अत्याचार केला’ असे सलग वाक्य टंकलेले असते. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते, तिने बोट कुठे दाखवले, मध्ये ती किती वेळ गप्प राहिली, काही कळत नाही. उलटतपासात ‘सदर मजकूर पोलिसांनी माझ्या जबाबात का लिहिला नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही’ हे ठरीव उत्तर येते आणि त्यालाच पुढे विसंगती म्हणतात. काही वर्षांनी अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींसमोर मुलगी नसते, पेपरबुक असते. त्यातून शंका उपजली तर तिचा फायदा आरोपीला मिळणारच, मिळालाच पाहिजे. पण ती शंका मुलीच्या बोलण्यातून आली की टंकलेखनातून, हे सांगायला कोणीच उरलेले नसते.

यावर म्हटले जाते की पोक्सोच्या कलम २९ने निर्दोषतेचे गृहीतक उलटे केले आहे, मग नोंदीचा एवढा बाऊ कशाला? उच्च न्यायालयांनी याचे उत्तर वारंवार दिले आहे: आधी पायाभूत बाबी अभियोग पक्षाने शाबीत करायच्या, मग गृहीतक लागू होते. त्या बाबींचा मुख्य आधार मुलीची साक्षच असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतक्या बारकाईने नोंद घेत बसलो तर मुलाचा छळ लांबेल आणि कलम ३५मधली वर्षाची मुदत पाळता येणार नाही. लांबणीची भीती खरी आहे, पण घाईची किंमतही पाहा. खांडव्यात २०१३ साली नऊ वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खुनाचा खटला दोन आठवड्यांत संपवून फाशी सुनावली गेली. आरोपीला विधी साहाय्यातून वकील मिळाला तो दोषारोप ठेवला त्याच दिवशी. डिसेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून नव्याने खटला चालवायला सांगितले. त्या मुलीच्या घरच्यांना सहा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागले. नीट नोंदीला त्या मानाने फार तर अर्धा दिवस जास्त लागेल.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. साक्ष प्रश्नोत्तर रूपात लिहिण्याचा आणि साक्षीदाराच्या वर्तनाची टिपणी करण्याचा अधिकार पीठासीन न्यायाधीशांना आजही आहे. प्रश्न न्यायालयामार्फतच विचारायचे, हे कलम ३३ सांगतेच. तेव्हा बालकाची साक्ष, समज तपासणाऱ्या प्राथमिक प्रश्नांसह, प्रश्नोत्तरांत आणि त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असा ठराव आज या परिषदेने करावा आणि तो उच्च न्यायालयाकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे.