सेनिओकाठचा निरोप्या

तांदुळा धरणाचे पाणी भिलाईकडे घेऊन येणाऱ्या कालव्याच्या भरावावरून संध्याकाळी फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात एकदा असा चाललो असता जवळच कुठेतरी मुलांचे हसणे ऐकू आले. मी भरावाखाली शेताच्या बाजूस पाहिले, पुढे-मागे पाहिले; कोणी दिसेना. पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेलो आणि सहज मागे वळून पाहिले, तेव्हा गुराख्याची दोन पोरे दृष्टीस पडली. ज्या भरावावरून मी आलो होतो त्याच्याच पाण्याकडील उतारावर, गवतात अंग चोरून ती बसली होती. मी त्यांच्या डोक्यावरून चालत गेलो होतो, आणि मला त्यांचा पत्ता नव्हता.

त्या क्षणी मला नामदेव जाधव या शिपायाची आठवण झाली. श्रोतेहो, आज त्याच्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमच्या भिलाईत वाढलेल्या मुलाला दुसरे महायुद्ध म्हणजे रशियाचे युद्ध वाटे. येथील पोलादाचा कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभारला गेला. करार १९५५ सालचा, पहिली झोतभट्टी १९५९ ची. घरोघर स्वस्त सोव्हिएत पुस्तके असत आणि स्टालिनग्राड हे नाव आम्हांला तोंडपाठ असे. त्याच युद्धात, त्याच शत्रूशी, इटलीच्या चिखलात मराठी माणसे लढत होती, हे मला कळले ते पुष्कळ उशिरा. आणि तेही सरकारी कागदातून. कागद वाचणे हा माझा धंदाच आहे. पण व्हिक्टोरिया क्रॉस देताना नामदेव जाधवांच्या पराक्रमाचा जो वृत्तांत जून १९४५ मध्ये लंडनच्या राजपत्रात छापला गेला, तो मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्या वाचनात मला तो निराळाच वाटला.

जाधव तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत ते साधे शिपाई होते आणि कंपनीत त्यांचे काम निरोप्याचे, पलटणीच्या भाषेत ‘रनर’चे होते. बिनतारी यंत्रे होती, टेलिफोनच्या ताराही होत्या. परंतु भडिमार सुरू झाला की तारा तुटतात, यंत्रे मुकी होतात, आणि मग कंपनी कमांडरचा हुकूम पुढच्या तुकडीपर्यंत आणि तुकडीची खबर कमांडरपर्यंत नेणारे दोन पाय तेवढे उरतात. अशा माणसाला बंदुकीच्या नेमापेक्षा वाट लक्षात ठेवणारी नजर अधिक उपयोगाची. कोठे आडोसा आहे, कोठे सुरुंग आहेत, गोळी कोणत्या दिशेने आली, हे त्याने धावता धावता टिपावयाचे असते. टेहळणी म्हणून निराळी नेमणूक नसली, तरी निरोप्याचे सारे आयुष्य टेहळणीतच जाते.

आता ती नदी. आपेनाइन डोंगरातून उतरून रेनोला मिळणारी सेनिओ ही आपल्या शिवनाथपुढे नदी म्हणवून घेण्याच्या लायकीचीही नाही. जाधवांच्या पलटणीसमोर तिची रुंदी सुमारे १५ फूट आणि खोली चार-पाच फूट होती. परंतु पुराच्या भयाने तिच्या दोन्ही काठांना बांध घातलेले. उंची ३० ते ३५ फूट, उतार जवळजवळ उभा. या बांधांच्या पोटात जर्मनांनी भुयारे कोरली होती, मोर्चे बसवले होते, आणि पूर्वेकडील बांधाच्या आतल्या अंगावर, भुयारांच्या तोंडांच्या वर, सुरुंगांचा पट्टा पेरला होता.

९ एप्रिल १९४५. दुपारपासून विमाने आणि तोफा कोसळत होत्या. संध्याकाळी मराठ्यांच्या एका कंपनीने पूर्वेकडील, म्हणजे आपल्या बाजूच्या बांधावर हल्ला चढवला. तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने नदी उतरून पश्चिमेचा बांध घ्यावयाचा होता. जाधव या दुसऱ्या कंपनीत, आघाडीच्या तुकडीच्या पाठोपाठ, कमांडरच्या सोबत होते. पाण्यातून ते पश्चिम काठाला लागतात न लागतात तोच मशीनगन सुरू झाल्या; आणि गोळ्या समोरून नव्हे, पाठीमागून येऊ लागल्या. नुकत्याच ओलांडलेल्या बांधाच्या आतल्या उतारावर निदान तीन मोर्चे शाबूत होते. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. त्या टोळीतील बाकीचे सारे मारले गेले. धडधाकट उरला तो एकटा निरोप्या.

पुढचा वृत्तांत शूरांच्या कथांत शोभेल असा आहे. एका जखमीला उचलून जाधव खोल पाण्यातून परतले, उभा उतार चढले आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला सुरक्षित जागी पोहोचवून आले. मग दुसऱ्याला आणण्यासाठी पुन्हा तीच वाट धरली. उखळी तोफा आणि मशीनगन यांचा मारा दोन्ही वेळा चालूच होता. यानंतर ते तिसऱ्यांदा बांधावर आले ते जवळच्या मोर्च्यावर तुटून पडण्यासाठी. टॉमीगनने तो गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवणे अशक्य झाले, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्ब घेतले आणि उरलेले दोन मोर्चे एकामागून एक नाहीसे केले.

राजपत्र सांगते की मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याचा त्यांनी निश्चय केला होता. असेलही. पण सूडाने पेटलेला माणूस आधी दोन खेपा जखमींसाठी करील काय? मला दुसऱ्या वाचनात जे दिसले ते निराळे आहे. बांधाच्या बाहेरच्या अंगास दबून राहिलेल्या सोबत्यांना ते मोर्चे दिसणे शक्यच नव्हते. गुराख्याची पोरे मला दिसली नाहीत, तसेच. पलीकडे जाऊन, मागे वळून ज्याने पाहिले त्यालाच ते कळणार. आणि ज्यांनी पाहिले त्यांत आपल्या पायांवर उभा असा एकच उरला होता. जखमींना वाहून आणताना त्याने तो उतार दोनदा पायांखाली घातला होता. कमांडर पडल्यावर ही खबर कोणाकडे न्यावयाची? त्याने ती स्वतःच्याच हातांनी पोहोचती केली. या तिसऱ्या खेपेस कोणाच्या हुकमाचा उल्लेख राजपत्रात नाही.

एक बारकावा तर मला विसरताच येत नाही. मध्यंतरी हातबॉम्ब संपले, तेव्हा ते रांगत बांधाच्या माथ्यावर गेले आणि पलीकडच्या उतारावरील सोबत्यांकडून नवे घेऊन परत खाली उतरले. म्हणजे मदत इतकी जवळ होती! मधे केवळ एक मातीचा माथा होता. शेवटी तिन्ही मोर्चे थंडावल्यावर, उखळी तोफांचा मारा चालू असतानाच, ते त्याच माथ्यावर उघडे उभे राहिले, मराठ्यांची रणगर्जना करीत हात हालवून त्यांनी उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावले. निरोप पोहोचला.

हे युद्ध आपले होते की परक्याचे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो गैर नाही. ‘चले जाव’चा ठराव १९४२ चा, बंगालचा दुष्काळ १९४३ चा, राजाच्या नावाचे पदक तेव्हा सर्वांनाच गोड वाटत असेल असे नाही. माझ्यापुरते मी इतकेच म्हणेन, की पाण्यात पडलेला जखमी मनुष्य मात्र परक्याचा नव्हता. त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्समधील अली हैदर या शिपायानेही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अडीच वर्षांच्या आत हे दोघे दोन देशांचे नागरिक झाले.

आणि जाधवांच्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे? माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा जवान १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेला, तो मोर्चा त्याने मोडला आणि तेथेच शत्रूच्या गोळीने पडला. त्याचे पदक घरच्यांनी घेतले. जाधव परतले. २ मे १९४५ रोजी इटलीतील युद्ध थांबले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. ते पुढे हवालदार झाले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारले.

त्या सायंकाळी पोरांनी मला पुलावर उभा पाहिले आणि ती उठून पळाली. मी त्यांना काही बोललो नाही. परतताना मात्र भरावाच्या माथ्यावर थांबून दोन्ही उतार नीट पाहून घेतले.