कथालेखकाचा धर्म
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वाचनालयांत दिलेलें भाषण)



या स्मरणिकेसाठीं आपल्या धर्मग्रामांतील एका तरुणानें मजकडे एक कथा आणून दिली. तींतील बाप दारूपायीं घरादारास मुकतो आणि पश्चात्ताप न करतांच मरतो. मीं लेखणी घेतली व शेवटीं त्यास गुडघे टेकावयास लावून पापनिवेदन करविलें. तें वाचून तो तरुण नम्रपणें म्हणाला, "फादर, हा बाप असें करणार नाहीं." मी निरुत्तर झालों.

त्या रात्रीं मीं फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन कॅथॉलिक लेखिकेचीं व्याख्यानें व पत्रें पुन्हां उघडलीं. ही बाई २५ मार्च १९२५ रोजीं, म्हणजे पवित्र मारियेस देवदूताचा संदेश मिळाल्याच्या सणादिवशीं, जॉर्जिया राज्यांत जन्मली. लूपस नांवाच्या ज्या दुखण्यानें तिचे वडील १९४१ सालीं वारले, त्याच दुखण्यानें तिला पंचविसाव्या वर्षीं गांठलें. आईसमवेत शेतावर राहून, पुढें कुबड्यांच्या आधारानें चालत, ती रोज सकाळीं ठराविक वेळीं लिहावयास बसे. शक्ति दोन-तीन तासांपुरतीच असे. परंतु त्या वेळेंत ती दुसरें कांहींही शिरूं देत नसे. दोन कादंबऱ्या व तीसएक कथा मागें ठेवून ३ ऑगस्ट १९६४ रोजीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, ती निवर्तली.

तिचें सांगणें असें कीं, कथेचा आरंभ उपदेशापासून नव्हे, इंद्रियांपासून होतो. जें दिसतें, जें ऐकूं येतें, तें लेखकानें टक लावून पाहावें, कान देऊन ऐकावें. श्रद्धा ही न पाहण्याची सबब नव्हे. संत थॉमस अक्विनास यांच्या आधारें ती म्हणे कीं, कलेनें पाहावयाचें तें घडविलेल्या वस्तूचें चांगुलपण. आपला सुतार रोज जपमाळ म्हणतो, म्हणून त्याची डुगडुगणारी खुर्ची कोणी घरांत ठेवून घेतो काय?

तिच्या १९५५ च्या संग्रहांतील एका कथेंत एक आढ्यताखोर म्हातारी खुन्याच्या हातीं सांपडते. अखेरच्या क्षणीं तिला तो आपल्याच लेकरांपैकीं एक वाटतो. ती त्यास स्पर्श करते, आणि तो तिला गोळी घालतो. मजसारख्यानें तेथें त्या खुन्यास खात्रीनें मिस्सेस नेलें असतें! परंतु देवाची कृपा त्या एका स्पर्शांतच येऊन गेलेली असते.

बंधुभगिनींनो, इतकीं वर्षें मी मरणशय्यांपाशीं बसत आलों आहें. प्रत्येक बाप गुडघे टेकीत नाहीं, हें मला ठाऊक होतें. तरी कागदावर मीं खोटें लिहिलें. देवाच्या कृपेस आमच्या खोट्या साक्षीची गरज नाहीं. घरांतील मूल लिहूं लागलें, तर "यांतून बोध काय?" हें आधीं विचारूं नका. "बाळा, तूं हें नीट पाहिलेंस काय?" एवढेंच विचारा.

त्या तरुणाची कथा या स्मरणिकेंत त्याच्या मूळ शेवटासह छापावी, अशी विनंती मीं संपादक मंडळास केली आहे. ती आपण अवश्य वाचावी, आणि वाचून झाल्यावर त्या बापासाठीं एक प्रार्थना म्हणावी.