प्रौढपणीचे कराटे : चढ, पठार आणि परतणे

(उर्से येथे कारखान्यांतील कामगार, कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मावळात व्यायामाचा विषय निघाला की तो कुस्तीपासूनच सुरू होतो, आणि ते स्वाभाविक आहे. येथील गावोगावच्या यात्रांना कुस्त्यांच्या आखाड्यावाचून रंग चढत नाही. तथापि या थोर परंपरेत एक उणीव राहून गेली आहे. कुस्ती ही मुख्यतः तरुणांची विद्या राहिली. लग्न झाले, शेती किंवा नोकरी गळ्यात पडली की पैलवान आखाडा सोडतो. व्यायाम सुटतो, खुराक मात्र पुढे काही वर्षे तसाच चालू राहतो आणि त्याचा हिशेब पोटावर दिसू लागतो. चाळिशीतील गृहस्थाने आयुष्यात प्रथमच लंगोट कसून मातीत पाऊल ठेवले, असे दृश्य कोणत्याही गावात सहसा पाहावयास मिळत नाही.

कराटेच्या वर्गात ते दिसते. मुलाला वर्गाला सोडावयास आलेले वडील पायरीवर बसून तासभर मोबाईल चाळत असतात. आई भाजी निवडायची राहिली म्हणून घड्याळाकडे पाहत असते. त्यांतील एखादे वडील, एखादी आई एके दिवशी स्वतःच पांढरा गणवेश चढवून शेवटच्या रांगेत उभी राहते. शेवटच्या रांगेत अशासाठी, की कराटेत ज्येष्ठता वयावर ठरत नाही, कमरेच्या पट्ट्यावर ठरते. पुढच्या रांगेत बारा वर्षांची मुलगी असते आणि ती ज्या सहजतेने पाय खांद्याच्या उंचीवर नेते, त्या सहजतेने मागच्या रांगेतील बेचाळीस वर्षांच्या पर्यवेक्षकाचा पाय कमरेपर्यंतही येत नाही. कारखान्यात ज्याच्या शब्दाने वीस माणसे हलतात, त्याला येथे ‘गुडघा वाकवा, टाच टेकवा’ असे ऐकून घ्यावे लागते. पहिली परीक्षा हीच असते. ती कोणत्याही पट्ट्याच्या परीक्षेहून कठीण आहे, आणि पुष्कळजण तेथूनच परत फिरतात.

कराटे ही परकी विद्या, मग ती कशाला, असा प्रश्न आपल्याकडे कधीकधी विचारला जातो. त्यावर लगेच बोधिधर्माची कथा सांगण्याचा मोह होतो: दक्षिण भारतातील हा भिक्षू चीनला गेला, शाओलिन मठातील भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला, आणि त्यातून ही सारी परंपरा निघाली. कथा मोठी लोभस आहे. परंतु बोधिधर्माचा आणि या व्यायामांचा संबंध सांगणारे लिखाण सतराव्या शतकातील आहे, म्हणजे त्याच्या काळानंतर हजार वर्षांनी लिहिलेले. अभिमानापोटी दंतकथेला इतिहास म्हणू नये. कराटे घडले ते ओकिनावा बेटावर, तेथील स्थानिक पद्धती आणि चीनमधून आलेली मुष्टिविद्या यांच्या मिश्रणातून. शस्त्रावाचून लढण्याला आपल्याकडे नियुद्ध हा स्वतंत्र शब्द महाभारतकाळापासून आहे, एवढे सांगितले तरी पुरे. विद्या कोठूनही घ्यावी. प्रश्न ती टिकवण्याचा आहे.

टिकवण्याच्या वाटेवर प्रौढ माणसाला काय काय भेटते, ते पाहावे. पहिले तीन महिने चढाचे असतात. आठवड्यातून दोन वेळा दीड-दीड तास वर्गाला जाणाऱ्याचा १८० मिनिटांचा व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला, त्या मर्यादेत तो आपोआप बसतो. जिना चढताना दम लागेनासा होतो. झोप सुधारते. पांढऱ्या पट्ट्याच्या जागी पिवळा येतो, मग नारिंगी. घरातील मंडळींना छायाचित्र दाखवले जाते. या काळात उत्साह विकत आणावा लागत नाही.

मग पठार येते. हिरव्या किंवा निळ्या पट्ट्याच्या सुमारास महिनेच्या महिने काहीही बदलत नाही. तीच काता, तोच फिरण्यातला अडखळा. शिक्षकांनी गेल्या दिवाळीत सांगितलेली चूक या दिवाळीतही तशीच. बरोबर सुरुवात केलेली मुले पुढे निघून जातात, कारण त्यांच्या प्रगतीत अर्धा वाटा सरावाचा असला तर अर्धा वाढत्या वयाचा असतो; उंची वाढते, हाडे बळकट होतात, हे श्रेय सरावाच्या खात्यावर जमा होते. प्रौढाच्या बाबतीत निसर्ग उलट्या दिशेने ओढत असतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे जो माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी ‘आहे तेथेच आहे’, तो वस्तुतः प्रवाहाविरुद्ध पोहून जागा राखत असतो. काठावरून पाहणाऱ्याला तो थांबलेला दिसतो. दुर्दैव असे, की त्याला स्वतःलाही तसेच वाटते.

या अवस्थेला आपल्या शास्त्रात नाव आहे, आणि ते कराटे वा कुस्तीच्या ग्रंथात नाही, योगसूत्रांत आहे. पतंजलींनी साधकाच्या मार्गातील नऊ अंतराय मोजले. व्याधी, संशय, आलस्य ही त्यांतील नावे सर्वपरिचित आहेत. शेवटची दोन मात्र फारशी उच्चारली जात नाहीत. अलब्धभूमिकत्व, म्हणजे प्रयत्न करूनही पुढची भूमिका हाती न येणे; आणि अनवस्थितत्व, म्हणजे हाती आलेली भूमिका टिकवता न येणे. एक पठार, दुसरी घसरण. ज्या शास्त्रकाराने मनाचा इतका सूक्ष्म विचार केला, त्याला ही दोन्ही संकटे साधकावर येणारच हे ठाऊक होते. म्हणून तर त्याने ती यादीत घातली. ती येणे हा अपात्रतेचा पुरावा असता, तर त्यांवरचे उपाय सांगण्याची त्याला गरज पडली नसती.

घसरणीचे येथील स्वरूप तर अगदी स्पष्ट आहे. उर्से गावाच्या एका अंगाला द्रुतगती मार्ग आणि त्यावरचा टोलनाका, दुसऱ्या अंगाला कारखाने, आणि मधून अजून शिल्लक राहिलेली भातखाचरे. येथील माणसाचे वर्ष त्याच्या हातात नसते. एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक रात्रपाळी. सायंकाळी सहाचा वर्ग दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बुडणारच. आषाढात भातलावणी आली की शेतकरी कुटुंबातील माणूस पंधरा दिवस चिखलातून वर येत नाही. त्यानंतर पाठ धरते ती निराळीच. मार्च महिन्यात कारखान्यात हिशेबाची घाई, मे महिन्यात लग्नसराई. अशा माणसाला ‘एकही दिवस खंड पडू देऊ नका’ असे सांगणे म्हणजे त्याला ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्यासारखेच आहे. कारण त्याचा खंड पडतो, खंड पडला की त्याला अपराधी वाटते, अपराधी वाटले की तो वर्गाच्या दारावरून न जाता दुसऱ्या रस्त्याने घरी जाऊ लागतो. बहुतेकांचे कराटे दुखापतीने सुटत नाही. ते या लाजेने सुटते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. रोजची एखादी नवी कृती अंगवळणी पडावयास किती दिवस लागतात, हे त्यांना पाहावयाचे होते. सरासरी ६६ दिवस निघाले. पण व्यक्तिपरत्वे हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात काही लक्षणीय फरक पडत नव्हता. अर्थात एक दिवस आणि तीन आठवडे यांत अंतर आहे. तरीही ‘साखळी तुटली, आता सारे संपले’ ही भीती किती निराधार असते, ते यावरून कळते.

याला दोन साक्षीदार देता येतील. दोघांचाही जन्म १८६८ सालचा. पहिले औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, परंतु ते नमस्कारांकडे वळले तेव्हा चाळिशीला आले होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्याआधी सुमारे दहा वर्षे त्यांनी युरोपातील बलोपासक सँडो याची पद्धत नेमाने आचरली होती, त्यासाठी त्याची उपकरणेही मागवली होती. १९०८च्या सुमारास त्यांनी ती बाजूला ठेवली आणि नमस्कार धरले, ते वार्धक्यापर्यंत. दहा वर्षांचा नेम सोडून नव्याने पहिल्या नमस्काराशी उभे राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. संस्थानिकाला वाटला नाही, तेथे कारखान्यातील पर्यवेक्षकाने कशाला वाटून घ्यावा?

दुसरे गिचिन फुनाकोशी, ज्यांनी ओकिनावाचे कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजवले. पेशाने ते शाळामास्तर. १९२२ साली ते तोक्योला आले, तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. जवळ पैसा नव्हता. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी राखणदाराचे काम पत्करले. दिवसा अंगण झाडावयाचे, बागेची निगा राखावयाची, आणि त्याच वास्तूत कराटे शिकवावयाचे. काही वर्षांनी शिष्यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र डोजो उभारला. १९४५च्या बॉम्बवर्षावात तो जळून गेला, त्याच वर्षी त्यांचा मुलगाही गेला. तोच त्यांचा मुख्य सहकारी होता. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या बरेच पुढे होते. त्यानंतरही ते पुन्हा शिकवू लागले, आणि १९५७ साली देह ठेवीपर्यंत त्यांचा कराटेशी संबंध सुटला नाही. आज ज्या काळ्या पट्ट्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात, तो त्यांनी १९२४ साली प्रथम शिष्यांना दिला. पट्ट्याची ही पद्धत त्यांनी ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडून घेतली होती. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला जपानी भाषेत ‘शोदान’ म्हणतात. त्याचा अर्थ आरंभीची पायरी. चार-पाच वर्षे घाम गाळल्यावर मिळावयाची गोष्ट, आणि तिचे नाव आरंभ! काही ठिकाणी शुल्क भरले की दर तीन महिन्यांनी रंग बदलून देणारे वर्ग निघाले आहेत. त्यांना या शब्दाचा अर्थ कोणी सांगितलेला दिसत नाही.

दुखापतीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तेथे भावनेचा उपयोग नसतो. प्रौढ माणसाचे स्नायू काही आठवड्यांत सरावतात, परंतु स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. ताकद आल्यासारखी वाटते आणि गुडघा मागे राहिलेला असतो. नेमक्या याच काळात उंच लाथेचा हव्यास धरला की मांडीमागचा स्नायू दुखावतो. पुढे झुकलेल्या पवित्र्यात गुडघा पावलाच्या रेषेतच हवा, आत वळता कामा नये. रक्तदाब, मधुमेह असेल तर शिक्षकांना ते पहिल्याच दिवशी सांगावे; लपवू नये. चाळिशीनंतर आरंभ करणाऱ्याने आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आणि अंग गरम करण्याची पंधरा मिनिटे चुकवून उशिरा येणाऱ्याने थेट रांगेत घुसू नये, मग तो कितीही मोठ्या हुद्द्यावर असो.

याच तालुक्यात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामची स्थापना केली. त्यांचे वैशिष्ट्य असे, की योगाचे परिणाम श्रद्धेवर न सोडता त्यांनी ते उपकरणांनी मोजावयास घेतले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. कराटे करणाऱ्या प्रौढाने त्यांच्याकडून एवढे घ्यावे : एक साधी वही. तारीख, किती वेळ सराव, सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके, कोठे दुखले. पठारावर माणसाला आपली प्रगती दिसत नाही, वहीला दिसते. गेल्या वर्षी याच कातानंतर दम बसावयास किती मिनिटे लागत होती आणि आज किती लागतात, हे तेथे लिहिलेले असते. खंड पडले तेही लिहिलेले असतात, आणि प्रत्येक खंडानंतर माणूस परत आला होता, हेही.

पाळीच्या माणसाने वर्षाचा आराखडा खंड गृहीत धरूनच करावा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात सायंकाळचा वर्ग. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी अंगणात वीस मिनिटे, फक्त पवित्रे आणि एक काता. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप आधी, सराव नंतर, आणि जमला नाही तर तसे वहीत लिहावे. त्यासाठी जागा फार लागत नाही, दोन खाटांएवढी पुरते. लावणीच्या पंधरवड्यात काहीही करू नये. चिखलात दिवसभर वाकून उभे राहणाऱ्या कमरेला आणखी कराटेची गरज नसते. लावणी उरकली, अंग मोकळे झाले की पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्या जोराने केवळ मूलभूत हालचाली, दुसऱ्या आठवड्यात काता, तिसऱ्यात जोडीदाराबरोबर ठरलेल्या चाली, आणि महिना उलटल्यावर कुमिते. रांगेत उभे राहावयाचे ते आपल्या पट्ट्याच्या जागी. या अवधीत एखादा मुलगा पुढच्या रंगाचा पट्टा बांधून आपल्या पुढे गेलेला असेल, तर त्याच्या मागे.