बागेतील लहान पेट्रोल इंजिनाची निगा

(आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमातील भाषण)



आपल्या तळेरे, कासार्डे, खारेपाटण या पट्ट्यात आता बहुतेक वाड्यांमध्ये दोन-चार तरी ग्रासकटर झाले आहेत. कुणी महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानात घेतला, कुणाला मुंबईच्या भावाने घेऊन दिला. चवथीच्या आधी आवार आणि पाणंद साफ करायला तो बाहेर निघतो. दिवाळीच्या सुमारास काजूच्या बागेत जातो, कारण खाली रान राहिलं तर फेब्रुवारीत पडलेली बी दिसत नाही आणि वणव्याचा धोका राहतो तो वेगळाच. विजयदुर्ग रस्त्याने खाली देवगडच्या बाजूला गेलात तर हापूसच्या बागांत फवारणीचे पंपसुद्धा अशाच लहान इंजिनांवर चालतात. मोहोरावर तुडतुडे आले आणि त्याच दिवशी इंजिन रुसलं, तर तुडतुडे काही मेकॅनिकची वाट बघत थांबत नाहीत.

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की माझ्याकडे एकच तक्रार येते. "साहेबानू, गेल्या वर्षी बरो चलत होतो, आता सुरूच होना नाय." दोरी ओढून ओढून माणसाचा खांदा दुखायला लागलेला असतो. मी पहिला प्रश्न विचारतो, गेल्या वेळी ठेवताना टाकीत पेट्रोल होतं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "होता ना, अर्धी टाकी होती."

तिथेच सगळं बिघडलेलं असतं. ही लहान इंजिनं कामानं जितकी खराब होतात, त्याहून जास्त ती पडून राहून खराब होतात. ते का, हे समजायला इंजिन आतून कसं चालतं ते थोडं बघावं लागेल.

बहुतेक ग्रासकटर दोन स्ट्रोकचे असतात. मोटारसायकलच्या इंजिनाला खाली ऑइलचा वेगळा साठा असतो, तसा साठा यांना नसतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या खोक्यात येतं, तिथून वर सिलिंडरमध्ये जातं आणि जळतं. जाता जाता त्यातलं ऑइल बेअरिंगला, पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला लागतं. म्हणजे ऑइल पेट्रोलाबरोबरच आलं पाहिजे, दुसरी वाट नाही. आपल्यातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल, जुन्या चेतक स्कूटरला, लुनाला पेट्रोलपंपावर ऑइल घालून पेट्रोल मिळायचं. तीच ही जात. एन.सी.सी.च्या हवाई विभागातली मुलं जी लहान विमानं उडवतात, त्यांच्या इंजिनांतही हाच प्रकार असतो. त्यातली काही इंजिनं मेथिल अल्कोहोलवर चालतात आणि त्यात वंगण म्हणून चक्क एरंडेल मिसळतात. पोट साफ करायचं एरंडेल विमानालाही चालतं, हे मला कळलं तेव्हा मी हसलो होतो. पण तत्त्व एकच. इंधनात तेल नाही, तर काही मिनिटांत इंजिन गेलं.

हे मी फक्त पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका वाडीत मी ग्रासकटरचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. माझ्याजवळ दोन सारखेच डबे होते. एकात मिसळलेलं पेट्रोल, दुसऱ्यात माझ्या मोटारसायकलसाठी नेलेलं साधं. बोलण्याच्या नादात टाकी भरली ती दुसऱ्या डब्यातून. थोडा वेळ यंत्र झकास चाललं. मग आवाज बारीक आणि चढा झाला. लोकांना वाटलं, काय जोरात चाललंय! आणि एकदम खट्ट करून बंद. दोरी ओढली तर जागची हलेना. उघडल्यावर पिस्टनवर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे ओरखडे. पिस्टन आणि सिलिंडरचा खर्च मी पदरचा केला, त्याबद्दल काही नाही, पण त्या वाडीत पुढे वर्षभर मला लोक विचारायचे, "साहेब, आज खयच्या डब्यातला?" तेव्हापासून मिसळलेल्या पेट्रोलच्या डब्याला मी लाल फडकं बांधतो. तुम्हीही बांधा.

आता प्रमाण. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत ते छापलेलं असतं, तेच पाळायचं. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल. 40 ला 1 असेल तर 25 मिली. 25 ला 1 असेल तर 40 मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं ते मोजमापाचं झाकण वापरा, पण ते पुन्हा औषधाला घेऊ नका. अंदाजाने "दोन झाकणं" घालणारे खूप भेटतात. कुठली झाकणं, केवढी झाकणं?

काही जण म्हणतात, थोडं जास्त घातलं तर बरंच, इंजिनाला मऊ पडेल. नाही. जादा ऑइल नीट जळत नाही. त्याची काजळी प्लगवर, पिस्टनच्या रिंगांत आणि सायलेन्सरच्या तोंडात बसते. मग इंजिनाचा दम कमी होतो, धूर येतो, आणि आपण म्हणतो कंपनी खराब.

ऑइलही योग्य घ्या. बाटलीवर टू-टी लिहिलेलं, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं, एफसी किंवा एफडी दर्जाचं ऑइल असावं. मालवणच्या बाजूला पाहुणे असतील तर होडीच्या आउटबोर्डचं ऑइल सहज मिळतं, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी केलेलं असतं. आपलं इंजिन गवताच्या कचऱ्यात तापतं. त्याला ते पुरत नाही. आणि मोटारसायकलच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल तर कधीच नको.

ज्यांच्या यंत्राला ऑइल बघायची वेगळी काडी आहे, त्यांचं इंजिन चार स्ट्रोकचं. फवारणीच्या पंपांना बहुधा हेच असतं. त्यात साधं पेट्रोल घालायचं आणि ऑइल खाली वेगळं भरायचं. यंत्र सपाट जागेवर ठेवून रोज सकाळी काडी बघा. नव्या यंत्राचं पहिलं ऑइल लवकर बदलतात, साधारण 10 ते 20 तासांनी, पुढे पुस्तिकेप्रमाणे.

आता पडून राहिलेल्या पेट्रोलकडे वळू. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि ते पाणी ओढून घेतं. आपला कोकणातला पावसाळा तर असा, की पडवीतलं मीठसुद्धा पाझरतं. अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी दमट हवा. महिनोन्‌महिने तसंच राहिलं की पाणी आणि अल्कोहोल एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल वर तरंगतं. टाकीतली नळी कुठून ओढते? तळातून. म्हणजे इंजिनात पहिल्यांदा जातं ते पाणी मिसळलेलं आणि ऑइल नसलेलं. चालू झालं नाही तर नशीब म्हणायचं, कारण चालू झालं तर माझ्या प्रात्यक्षिकासारखी गत होते. शिवाय जुन्या पेट्रोलची चिकट राळ कार्बोरेटरच्या बारीक भोकात बसते, आणि रबरी नळी, पडदा कडक होऊन चिरतात.

खात्री करायची असेल तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, की ते पेट्रोल वापरायचं नाही. ते गटारात किंवा विहिरीच्या अंगाला ओतू नका, गॅरेजवाल्याला विचारून द्या. आणि पेट्रोल मिसळताना आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिसळा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत तर कधीच ठेवू नका. घरात मुलं असतात, आणि कामावरून आलेला तहानलेला माणूस बाटलीकडे बघत नाही.

सुरू करण्याची रीत. थंड इंजिन असेल तर चोक लावा, रबरी फुगा पाच-सात वेळा दाबा, परतीच्या नळीत पेट्रोल दिसलं की पुरे. दोरी आधी हळू ओढा, अडकल्यासारखं लागलं की मग झटका द्या. पहिला फट्‌ आवाज आला की चोक काढा. इथेच चूक होते. चोक तसाच ठेवून लोक वीस वेळा दोरी ओढतात आणि प्लग पेट्रोलने भिजून जातो. तसं झालं तर स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, चोक उघडा आणि आठ-दहा वेळा मोकळी दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढा. त्या वेळी प्लगची वायर भोकापासून दूर धरा आणि जवळ बिडी नको. गरम इंजिनाला चोक लागत नाही.

प्लग काढलाच आहे तर त्याच्याकडे नीट बघा. वैद्य जीभ बघतो तसं. टोक चहाच्या रंगाचं, कोरडं असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय, किंवा चोक नीट उघडत नाही. पांढरं फटक असेल तर सावध व्हा, इंजिन जास्त तापतंय, कुठूनतरी जादा हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी येतंय. असा प्लग दिसला की काम थांबवा. प्लगच्या टोकातली फट साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर हवी. मोजायला काही नसेल तर हॅक्सॉ ब्लेडची दात नसलेली कड घालून बघा, तिची जाडी जवळपास तेवढीच असते.

एअर फिल्टरकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. जांभ्याची तांबडी धूळ दिवाळीनंतर उडायला लागते. ती ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी सिलिंडर घासते. स्पंजचा फिल्टर दिवसाचं काम झालं की साबणाच्या पाण्यात धुवा, पिळून पूर्ण वाळवा, ऑइलचे दोन-चार थेंब लावून पुन्हा पिळा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, फक्त झटकायचा. फिल्टर काढून "आज एवढं चालवून घेऊ" असं करू नका. इंजिनाच्या पंख्यांत अडकलेलं गवतही रोज काढा, हवा तिथूनच जाते. पात्याजवळच्या गिअरमध्ये 20-25 तासांनी ग्रीस भरा.

मऊ गवताला नायलॉन दोरी, जाड खुंटांना पातं. दोरी ठरल्यापेक्षा लांब सोडली तर इंजिनावर भार पडून ते तापतं. कातळावर पातं आपटलं तर ठिणगी उडते आणि दगडही उडतो, म्हणून 15 मीटरच्या आत कुणी नको, चालवणाऱ्याच्या डोळ्यावर चष्मा आणि पायात बूट हवेत. काजूच्या लहान कलमाभोवती हातभर जागा कोयतीनेच करा. नायलॉनने साल गेली की कलम गेलं.

पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्या. वाळलेल्या गवतात उभं राहून भरू नका, मोकळ्या कातळावर या, भरल्यावर दहा पावलं बाजूला जाऊन सुरू करा. सायलेन्सरच्या तोंडात ठिणगी अडवायची जाळी असते. काही जण दम वाढतो म्हणून ती काढून टाकतात. मार्चमध्ये एका ठिणगीत शेजाऱ्याची बाग जाते. जाळी काजळीने तुंबली असेल तर ब्रशने साफ करून परत बसवा.

हंगाम संपला की यंत्र ठेवायची पद्धत अशी. टाकी पूर्ण रिकामी करा. मग मोकळ्यावर इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. बंद पडवीत चालवू नका, धुरात विषारी वायू असतो. इंजिन थंड झालं की प्लग काढा, भोकात चहाचा एक चमचा टू-टी ऑइल सोडा, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढा, प्लग परत लावा. बाहेरून पुसून कोरड्या जागी टांगून ठेवा. चुलीच्या वरच्या माळ्यावर नको आणि युरियाच्या पोत्याशेजारीही नको, खताच्या दमटपणाने धातू खातो. चार स्ट्रोकचा पंप असेल तर त्याचंही पेट्रोल असंच काढा. या सगळ्याला अर्धा तास लागतो.

एवढं करूनही यंत्र सुरू झालं नाही, तर ते स्कूटरवर बांधून आणू नका. नुसता प्लग काढून कागदात गुंडाळून, आणि टाकीतलं थोडं पेट्रोल झाकणाच्या काचेच्या बाटलीत घेऊन माझ्याकडे या. पुष्कळदा तेवढ्यावर कळतं.