तरोटा कोणता, कासविंदा कोणता?



आपले हिमायतनगर म्हणजे जुने वाढोणा. गावाबाहेर पडले की शेते, माळ आणि पुढे पैनगंगेच्या बाजूला सागाचे रान. मृगाचे दोन पाऊस पडले की बांधावर, वाटेच्या कडेला तरोटा उगवतो. कोवळा पाला खुडायचा, उकळून पिळायचा आणि कांदा, लसूण, मिरची घालून परतायचा. भाकरीबरोबर ती भाजी कशी लागते ते आम्ही तुम्हांला काय सांगावे! त्याच्या मागोमाग कुर्डू येतो, पाथरी येते, पुढे कटुर्ली येतात. या भाज्यांना पैसा पडत नाही, आणि त्या अंगाला चांगल्या. तेव्हा रानातले खाऊ नका असे सांगायला आम्ही आलो नाही. ओळख पक्की करा, मग खा, एवढेच आमचे म्हणणे.

आज तरोट्याचेच घेऊ. कारण या तरोट्याला एक भाऊबंद आहे. त्याचे नाव कासविंदा. कोणी त्याला रानतरोटाही म्हणतात. फूल तसेच पिवळे, शेंगाही येतात, पाला चुरगळला तर दोघांचाही वास उग्र. उकिरड्याजवळ, पडक्या भिंतीशी दोघे शेजारी शेजारी उभे असतात. मग ओळखायचे कसे?

एक पान देठासकट तोडा आणि हातावर ठेवा. त्या देठाला लहान लहान पानांच्या जोड्या असतात. त्या मोजा. तरोट्याला बहुधा तीन जोड्या. पानाचे टोक गोल, जणू कोणी अंगठ्याने दाबून गोल केले आहे. कासविंद्याला जोड्या जास्त, चार, पाच, कधी सहा, आणि पानाचे टोक भाल्यासारखे निमुळते. अजून शंका राहिली तर देठ नीट बघा. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथेच बुडाशी बारीक गाठ दिसली तर तो कासविंदा. तरोट्याची गाठ वर, पानांच्या खालच्या जोड्यांच्या मधे असते. शेंगा आल्यावर तर काम सोपे. तरोट्याची शेंग काडीसारखी बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची शेंग चपटी, त्याहून रुंद, वाळली की मधे तपकिरी आणि कडेला फिकी.

एवढे बारीक कशाला बघायचे, असे तुमच्या मनात येईल. तर ऐका.

उत्तर प्रदेशात बिजनौर म्हणून जिल्हा आहे. तिकडे दर हिवाळ्याला लहान लेकरे एकाएकी आजारी पडत. ओकाऱ्या होत, मग शुद्ध जाई, आणि पुष्कळ लेकरे दोन-चार दिवसांत दगावत. बरीच वर्षे लोकांना आणि डॉक्टरांनाही वाटे की हा मेंदूचा ताप आहे, कुठली तरी साथ आहे. शेवटी काही डॉक्टर घरोघर गेले. लेकरू आजारी पडण्याआधी कुठे खेळले, काय खाल्ले, हे त्यांनी आयांना विचारले. तेव्हा उलगडा झाला. लेकरे खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा सोलून आतले दाणे खात होती. त्या दाण्यांनी यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्ही बिघडत. हा शोध 2007 साली छापून आला. पुढे 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभरावर मुले गेली. त्यांतल्या काहींना जपानी मेंदूज्वर होता, पण बऱ्याच जणांच्या आजाराचे मूळ तज्ज्ञांना याच झाडात दिसले. तोही डोंगर-रानाचा, आदिवासी वस्त्यांचा मुलूख. आपल्यासारखाच.

पोटात भूक असते, आईबाप कामावर गेलेले असतात, आणि शेंग हाताला लागते. लेकराला दोष कसा द्यावा? शेंगा धरायच्या आधीच, घराभोवतीचा आणि अंगणवाडीभोवतीचा कासविंदा मुळासकट उपटलेला बरा.

कुंपणाला लावतात ती चंद्रज्योतही अशीच. तिला मोगली एरंड म्हणतात. तिची बी चवीला भुईमुगासारखी गोड. एक पोर खाते, दहा पोरांना वाटते, आणि घटकाभराने सगळ्यांना जुलाब-ओकाऱ्या. विष कडूच असते असे कोणी म्हणाले तर ही बी आठवा. आणि कारले कडू म्हणून कोणी टाकून देते का? चवीवरून काही कळत नाही. शेळीने किंवा पाखराने खाल्ले म्हणजे माणसाला चालेल, हेही खरे नव्हे. त्यांचे पोट वेगळे.

आणखी एक गंमत बघा. एकाच झाडाचा एक भाग खाण्याचा आणि दुसरा विषारी, असे असते. गुंजेचा गोड पाला विड्यात घालतात. पण तीच लाल-काळी गुंज फोडून चावली तर जीव जाईल. बिब्ब्यातली गोडंबी आपण लाडवात घालतो, आणि त्याच्याच टरफलातले तेल अंगाला लागले तर फोड येतात. म्हणून "हे झाड खातात का?" एवढे विचारून भागत नाही. पाला खातात, बी खातात की कंद, कधी खातात, कसे शिजवतात, हेही म्हातारीला विचारावे. अशी जाणती म्हातारी वस्तीत एखादी तरी असते.

शिजवल्याने सगळे विष जाते, हीही समजूत घातकी आहे. रानसुरणाची खाज चिंचेत उकळल्याने कमी होते, हे खरे. पण कळलावीच्या कंदाचे विष कितीही उकळा, तसेच राहते. पावसाळ्यात झुडपावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची ही वेल. पानाचे टोक दोऱ्यासारखे लांबून आधाराला विळखा घालते. कंद नांगरासारखा वाकडा. रताळे किंवा रानकंद समजून हा कंद कोणी घरी आणू नये.

इतके करूनही लेकराने काही खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. पोर शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालू नका, त्याला कुशीवर निजवा. अजून बरे दिसते म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. 108 नंबरला फोन लावून गाडी बोलवा, किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. आणि निघताना त्याने जे खाल्ले त्याची फांदी, पान आणि शेंग फडक्यात बांधून बरोबर घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.