मांडवा ते रत्नागिरी : सायकल सहलीचे वेळापत्रक

(मंडळाच्या श्रावणातील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. रुळांची देखभाल हे माझे काम, भाषण हा माझा प्रांत नव्हे. पण येत्या फाल्गुनात मंडळातले आम्ही आठजण कोकण किनाऱ्याने सायकलवर जाणार, ही बातमी फुटल्यापासून घरोघरी एकच प्रश्न आहे, "या वयात हे काय खूळ?" अध्यक्ष म्हणाले, "उत्तर एकदाच सगळ्यांसमोर देऊन टाका." म्हणून उभा आहे.

आधी खूळ आले कुठून ते सांगतो. बिलासपूरला आपल्यापैकी काही घरे बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून आहेत. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांचे आजोबा आंजर्ल्याचे. तिथले घर केव्हाच विकले गेले आणि यांनी ते गाव आजवर पाहिलेले नाही. कोकण रेल्वेने दोनदा गेले, पण ती लाईन समुद्रापासून बरीच आतून जाते आणि वाटेत ९१ बोगदे. "कोकण पाहिले का?" असे विचारले की म्हणतात, "अंधार पाहिला." त्यांना आंजर्ल्याला स्वतःच्या पायांनी पोहोचायचे आहे. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घालून. तेव्हा सहलीचे वेळापत्रक त्यांच्या मापाने केले आहे. सेक्शनवर सगळ्यात हळू गाडी बघून बाकीच्यांचे पाथ आखावे लागतात, हे इथल्या निम्म्या मंडळींना मी सांगायला नको.

आता मार्ग. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे, तीत सायकली जातात. तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे आणि रत्नागिरी. एकूण सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, आठ दिवस. दिवसाला चाळीस म्हणजे काहीच नाही, असे आमच्या तरुण मंडळींचे म्हणणे. इथेच हिशेब नीट मांडायला हवा.

कोकण रेल्वेचा रुलिंग ग्रेडियंट १५० ला १ आहे. तो राखण्यासाठीच एवढे बोगदे खणले आणि पूल बांधले. किनाऱ्याच्या रस्त्याला ही चैन नाही. दोन खाड्यांमध्ये जांभ्या दगडाचा सडा असतो. रस्ता खाडीतून सड्यावर चढतो आणि पलीकडे पुन्हा समुद्रसपाटीला येतो. काही वळणांवर चढ १० ला १ सुद्धा भेटतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरा. हे वजन १०० मीटर उंच न्यायला जेवढे काम पडते, तेवढ्यात रुंद टायरची सायकल सपाटीवर साधारण सहा किलोमीटर जाते. म्हणजे ४० किलोमीटरच्या दिवसात चढांची बेरीज ६०० मीटर झाली, तर पायांच्या लेखी तो दिवस ७६ किलोमीटरचा. आम्ही नकाशावरून रोजचे चढ मोजून अशा किलोमीटरांत वाटणी केली. म्हणून दिवेआगर ते श्रीवर्धन हा टप्पा मुद्दाम छोटा आहे आणि हर्णै ते गुहागर हा अवघड टप्पा सहाव्या दिवशी, पाय सरावल्यावर येतो.

माउंटन बाइकच का, असे वहिनींनी विचारले होते. वेगासाठी नाही. चढाला तिचे हलके गिअर लागतात, उताराला डिस्क ब्रेक लागतात, आणि जांभ्याच्या खडीवर व ओल्या वाळूवर दोन इंची टायर हवा. समुद्रकाठी साखळीला गंज लवकर चढतो, म्हणून रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणे आणि तेल देणे हे काम वाटून दिले आहे. जादा ट्यूब, ब्रेक पॅड आणि साखळीचे जोड बरोबर राहतील.

दुसरी गोष्ट खाड्यांची. चार ठिकाणी रस्ता पाण्याशी संपतो : आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. पलीकडे नेते ती फेरीबोट. तिकडे तिला 'जंगल जेटी' म्हणतात. दाभोळची सेवा २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडीला चिपळूणवरून मोठा वळसा होता. या खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे. पूल झाले की लोकांची मोठी सोय होईल, पण सायकल बाजूला लावून बोटीत मासेवाल्या मावशींशी गप्पा मारायची संधी जाईल, म्हणूनही आत्ता जायचे. वेळापत्रकात मात्र प्रत्येक जेटीच्या आधी एक तास मोकळा ठेवला आहे. गाडीला रिकव्हरी टाइम देतात तसा. बोट चुकेल या भीतीने कुणी उतारावर सायकल सोडू नये, हा त्यामागचा हेतू.

तिसरी गोष्ट ऊन. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण कोकणात तोवर घामाने जीव जातो. फाल्गुनाच्या आरंभी पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, काजूला बोंडे लागतात, सकाळी हवा गार असते. उजाडताच निघायचे, अकराला सावलीत थांबायचे, चारनंतर उरलेले अंतर. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी. दर पाऊण तासाला सगळ्यांनी थांबून काहीतरी खायचे. ही डॉक्टरांची अट एकासाठी होती, आम्ही आठांना लावली, म्हणजे कुणाला आपल्यामुळे गाडी थांबली असे वाटणार नाही.

तिथीसुद्धा बघून घेतली आहे. किनाऱ्यावरचे जुने गणित असे की तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ येते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला मांडव्याहून निघालो की तृतीयेच्या सकाळी दिवेआगरला असू आणि पाण्याजवळच्या घट्ट वाळूवरून सायकल चालवता येईल. वेळासला मात्र किनाऱ्यावर सायकल न्यायची नाही. त्या दिवसांत तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, ते पायी जाऊनच पाहायचे. पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, कोकणात शिमगा सुरू होतो. त्याच दिवशी आपण आंजर्ल्यात असू. ढोल ऐकायला मिळेल आणि होळीला येणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी लागायच्या आत परतही फिरू.

रेल्वेची बाजू. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. सायकली ब्रेकव्हॅनमधून पार्सलने जातील. पेडल काढून, हँडल वळवून, गोणपाटात बांधून, वर नाव आणि स्टेशन लिहून. जागा नसेल तर पार्सल मागच्या गाडीने येते, म्हणून मुंबईत एक दिवस राखीव आहे.

सुरक्षिततेचे नियम तीनच. हेल्मेटशिवाय कुणी सायकलवर बसायचे नाही. एक थांबला तर दोघे थांबायचे. आणि सगळ्यात ताकदीचा गडी शेवटी राहील. भोर घाटात ३७ ला १ चढावर गाडीला मागून बँकर लावतात, तसा. पुढे पळून दाखवणाऱ्याचे आम्हाला काम नाही. मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी इथली रुग्णालये आणि १०८ क्रमांक प्रत्येकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर असेल. तीच चिठ्ठी प्रत्येकाच्या घरीही राहील. आणि आंजर्ल्याच्या आधी आमच्या सहकाऱ्यांना त्रास झालाच, तर टेम्पोत सायकल टाकून आम्ही आठहीजण टेम्पोने आंजर्ल्याला जाऊ. हे त्यांच्या घरी जाऊन सांगितले, तेव्हा वहिनींनी होकार दिला.

सराव सुरू आहे. दर रविवारी पहाटे मंडळाच्या फाटकातून रतनपूर, जाऊन-येऊन ५० किलोमीटर. चढासाठी दिवाळीनंतर केंवचीहून अमरकंटकचा घाट. ज्यांना यायचे त्यांनी यावे, सायकल साधी असली तरी चालेल. वाटेत दिवेआगर, कड्यावरचा गणपती, हेदवीचा दशभुज आणि गणपतीपुळे अशी चार दर्शने होतील. मंडळाच्या वतीने प्रत्येक ठिकाणी एकेक नारळ वाढवू. आणि आंजर्ल्याची चिमूटभर लाल माती आणायला सांगितले आहे एका आजींनी. ती आणण्याची जबाबदारी माझी.

गणपती बाप्पा मोरया!